आरोहाच्या अंगणातला केर

सुलक्षणाला नोकरी लागली तेव्हा तिला एकसष्टावं सरत आलं होतं, आणि ही तिची जन्मातली पहिली नोकरी. त्याआधी तिने काम केलं नव्हतं असं नाही हं. मिरजेहून लग्न करून इंग्लंडात, लेस्टरला आली. नवरा, श्रीनिवास, हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर. त्याची ड्यूटी दिवसाची, रात्रीची, दिवाळीची, कधीचीही. हिने घर सांभाळलं, लेक वाढवली, बर्फात गाडी चालवायला शिकली, मंडळाच्या गणपतीला शंभर माणसांची खिचडी एकटीने शिजवली. पण कुठेही जा, लोक ओळख करून द्यायचे, "या डॉक्टरांच्या मिसेस." पुढचं कुणी विचारायचं नाही, आणि हीही सांगायची नाही.

मग श्रीनिवास रिटायर झाला आणि घरात बसला. जन्मभर ज्याने परक्या माणसांना झोपवलं, त्याने घरी बायकोचा दुपारचा डोळा लागू दिला नाही. दहाला चहा. साडेबाराला पोळीभाजी. चारला परत चहा, आणि त्याच्याबरोबर काहीतरी खमंग. सातला जेवण, तेही गरम. मधल्या वेळात, "अगं, माझा चष्मा?"

लेक आश्लेषा मिल्टन कीन्सला असते. ती फोनवर म्हणाली, "आई, तू घराबाहेर पड. नाहीतर एक दिवस बाबांना तूच भूल देशील." आणि तिनेच ती जाहिरात शोधून दिली. शहराबाहेर पक्ष्यांची एक बाग आहे, तिथं साफसफाईला माणूस हवं होतं. केर काढायचा, काचा पुसायच्या, पाण्याची भांडी धुवायची. अकरा ते तीन. तीन महिने ट्रायल, पसंत पडलात तर कायम.

श्रीनिवासने हे ऐकलं आणि पेपर खाली ठेवला. "डॉक्टरची बायको झाडू मारणार?"

"इतकी वर्षं घरी कोण मारत होतं? कन्सल्टंटसाहेब?"

त्याने पेपर परत उचलला आणि म्हणाला, "आठ दिवस टिकलीस तर मला सांग."

पहिल्याच दिवशी तिला छातीवर लावायचा बिल्ला मिळाला. त्यावर नुसतं सुलक्षणा. मिसेस नाही, डॉक्टर नाही, आडनावसुद्धा नाही. घरी आल्यावर तिने तो काढला नाही, भाकरी थापतानासुद्धा लावूनच होती. ही नोकरी तिला किती हवी होती ते तेवढ्यावरूनच कळावं.

आता त्या बागेतली तिची जागा ऐका. ग्रॅहम म्हणून एक उंच, वाकलेला माणूस आहे, पक्ष्यांची देखभाल करतो. लेस्टरची जुनी माणसं सगळ्यांना लाडाने डक, म्हणजे बदक, म्हणतात ना, तसा तोही म्हणतो, पोपटालाही आणि मॅनेजरलाही. तो तिला एका बसक्या इमारतीत घेऊन गेला. दोन दारं. पहिलं लावून घ्यायचं, मगच दुसरं उघडायचं. आत गेली तर मिट्ट काळोख. बाहेर लख्ख ऊन आणि आत अमावस्या. हळूहळू डोळे सरावले तेव्हा चांदण्यासारखा अगदी पुसट निळा उजेड दिसायला लागला.

"ही कीवीची खोली," ग्रॅहम कुजबुजला. "हा पक्षी रात्रीचा जागतो. लोक तर दिवसा येतात. म्हणून आम्ही त्याची रात्र दिवसा करतो. सकाळी साडेदहाला दिवे मालवायचे, संध्याकाळी साडेपाचला लावायचे. त्याला वाटतं जग असंच चालतं."

सुलक्षणाला त्यात नवल वाटलं नाही. तिचं घर तीस वर्षं असंच चाललं होतं. नवरा नाइट करून आला की दिवसा पडदे ओढायचे, लेकीला गप्प करायचं, कुकरची शिट्टी काढून ठेवायची.

काचेच्या पलीकडे एक छोटं रानच होतं. नेचे, वठलेलं झाड, वाळक्या पानांचा थर, आणि मागे एक पोकळ ओंडका. काचेलगत मात्र साफ मातीची पट्टी, सारवलेल्या अंगणासारखी. लोकांना पक्षी नीट दिसावा म्हणून ती पट्टी मोकळी ठेवायची, हा क्लेअरबाईंचा नियम. क्लेअरबाई म्हणजे तिथल्या मॅनेजर. येणाऱ्या लोकांची सोय बघायचं काम त्यांचं.

"आणि पक्षी कुठे आहे?" सुलक्षणाने विचारलं.

"मागे. आरोहा तिचं नाव. पुढे येत नाही. लोक येतात, काचेला नाक लावतात, काळोख बघतात आणि चहा प्यायला जातात."

आरोहा तिला तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसली. ओंडक्यातून आधी नुसती चोच आली, विणायच्या सुईएवढी लांब. ती चोच हवेत हलली, वास घेतला, थांबली, परत घेतला. मग बाकीची बाई बाहेर आली. कोंबडीएवढी, पण कोंबडीचा डौल काही नाही. अंगावर पिसं कसली, जुन्या घोंगडीचे केस. शेपूट नाही. पंख आहेत म्हणे, पण त्या केसांत बोटाच्या पेराएवढे लपलेले, उडायचं नावच नको. पाय मात्र जाड, पोस्टमनसारखे. डोळे बारीक, त्यांनी फारसं दिसत नाही, म्हणून ती चोचीने जमीन चाचपत चालते. टक, टक, टक. म्हातारं माणूस काळोखात कॉटखाली चप्पल शोधतं ना, तशी. हिच्या नाकपुड्या चोचीच्या टोकाला असतात. मातीत चोच खुपसून वास घ्यायचा, आणि नाकात माती गेली की फुस्स करून शिंकरायची. रोज रात्री आपल्या हद्दीला एक फेरी, त्याच वाटेने. वठलेल्या झाडामागून, पाण्याच्या भांड्यावरून, नेच्याखालून परत ओंडक्यापाशी. पुढच्या अंगणात मात्र पाऊल नाही.

"अंगणात का येत नाही?" सुलक्षणाने विचारलं.

"कशाला येईल? तिथं खायला काय आहे? झाडून पुसून लख्ख."

आणि ते झाडायचं काम होतं सुलक्षणाचं.

इथंच पेच पडला. मागच्या दाराने आत जायचं, लाल मिणमिणता टॉर्च कमरेला लावायचा, कारण तो उजेड पक्ष्याला बोचत नाही, आणि आरोहाबाईंनी फेरी मारताना पायाने पुढे उडवलेली पानं झाडून बाहेरच्या ढकलगाडीत टाकायची. सोपं काम. सुलक्षणाने ब्रश हातात घेतला, वाकली, आणि तिचा हात थांबला. चहूकडे रात्र. कुठेतरी रातकिडा ओरडत होता, तिथल्याच पाण्याच्या टाकीमागे लपलेला. आणि तिच्या कानात तिची आई मिरजेच्या ओसरीवरून म्हणाली, "दिवेलागण झाल्यावर केर काढू नये गं. काढलाच तर उंबऱ्याबाहेर टाकू नये. लक्ष्मी जाते."

आता शहाणी बाई, लंडनला एकटी जाऊन येते, लेकीला ऑनलाइन पैसे पाठवते. पण हात काही ऐकेना. शेवटी तिने आईच्याच बोलण्यातली पळवाट शोधली. काढू नये, पण काढलाच तर बाहेर टाकू नये. म्हणजे काढून कोपऱ्यात ठेवला तर चालतो. घरी नाही का आपण पाहुणे रात्री उशिरा गेल्यावर केर गोळा करून दारामागे ठेवतो, आणि सकाळी टाकतो? तसंच. तिने अंगण झाडलं आणि सगळी पानं काचेजवळच्या डाव्या कोपऱ्यात, मोठ्या नेच्याखाली लोटून ठेवली. सकाळी टाकू.

पण तिथली सकाळ व्हायची संध्याकाळी साडेपाचला, आणि ही तीनच्या बसने घरी. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर परत रात्र आणि केर तिथंच. त्यावर आजचा. तिसऱ्या दिवशी त्यावर आणखी. एका आठवड्यात नेच्याखाली पायलीभर केर झाला. वरून पाण्याचा फवारा चालू असतो तिथं, त्याने तो भिजला, कुजायला लागला, त्याला मातीचा गोडसर वास यायला लागला.

घरी तिने श्रीनिवासला सांगितलं. त्याने चहाचा कप ठेवला. "अगं, टाकून ये ना बाहेर."

"रात्री?"

"दुपारी एक वाजता रात्र कसली?"

"तिथं रात्रच असते, अहो. तुम्ही दिवसा झोपायचात तेव्हा मी मिक्सर लावत होते का?"

"त्याचा इथं काय संबंध?"

"माझ्या डोक्यात आहे तो."

श्रीनिवास म्हणाला की त्याने जन्मात इतक्या बायकांना भूल दिली, पण असली केस आली नव्हती. आणि मग कप परत उचलून, "त्या मॅनेजरने बघितलं तर पहिल्या झटक्यात काढून टाकेल तुला. ट्रायलवर आहेस." ते मात्र खरं होतं.

उद्या टाकायचाच, असं ठरवून ती गेली. ब्रश घेऊन नेच्याजवळ गुडघे टेकले आणि बघते तर केर उसकटलेला. त्यात पेन्सिल खुपसावी तशी भोकं. तिने लाल टॉर्च खाली धरला. पानांखाली करड्या रंगाचे, हात लावला की गोळी होणारे किडे वळवळत होते, आणि दोन लांबलचक गांडुळं. ती सावकाश मागे सरकली आणि दाराशी उभी राहिली. ओंडक्यातून चोच आली. वास घेतला. आणि आरोहाबाई, ज्या कुणासाठी पुढे येत नव्हत्या, त्या अंगण ओलांडून टक टक करत थेट केराच्या ढिगापाशी आल्या. चोच आरपार आत. फुस्स. गांडूळ गट्टम. परत चोच आत.

काचेच्या पलीकडून एक पोरगी ओरडली, "मम, ते बघ, ते जेवतंय." मग सगळे त्या कोपऱ्याशी गोळा झाले.

दुसरी कुणी असती तर खूश झाली असती. सुलक्षणाने टॉर्च विझवला. कारण पक्षी दिसला म्हणजे ढीग दिसला. आता रोजचं हेच झालं. आरोहा बाराच्या सुमाराला कोपऱ्यात यायची, शाळांच्या सहली यायच्या, म्हातारे फिरून फिरून यायचे, फोन काढायचे, आणि सगळ्यांचे डोळे नेमके तिच्या न टाकलेल्या केरावर. आता टाकावा तरी पंचाईत, पक्षी उपाशी. ठेवावा तरी पंचाईत. बिल्ल्याला हात लावायची तिला सवयच लागली, आहे ना अजून म्हणून.

कीवीची बातमी क्लेअरबाईंपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. त्या एक दिवस स्वतः बघायला आल्या. काचेशी वाकल्या, आरोहाला बघितलं, हसल्या. मग हसू गेलं. "त्या पक्ष्याच्या पायाखाली काय आहे?"

ग्रॅहम म्हणाला, "पानं दिसतात."

"पानं नाहीत, उकिरडा आहे." आणि मागे वळून, "सुलक्षणा, जरा बाहेर येतेस?"

बाहेर उजेडात आल्यावर सुलक्षणाचे डोळे दिपले. क्लेअरबाई तशा वाईट नाहीत, पण सरळ बोलतात. "तू इथलं रोज झाडतेस ना?"

"रोज."

"मग केर टाकत का नाहीस?"

बस उशिरा आली, ढकलगाडी भरलेली होती, गुडघा दुखतो, अशी सगळी कारणं सुलक्षणाच्या जिभेवर येऊन गेली. पण खोटं बोलायला तिला इंग्रजीतून नीट जमत नाही. ती म्हणाली, "रात्री केर घराबाहेर टाकत नाही आम्ही."

"सुलक्षणा, दुपारचा एक वाजलाय."

"बाहेर. आत रात्र आहे. तुम्हीच केलीय."

ग्रॅहमला खोकला आला. क्लेअरबाईंनी त्याच्याकडे बघितलं तसा तो थांबला. मग त्याने सांगितलं की पुढे पानं टाका, म्हणजे पक्षी येईल, हे तो मागच्या वर्षापासून म्हणतच होता, पण काचेलगतची पट्टी मोकळी हवी म्हणून ते राहून गेलं. क्लेअरबाई म्हणाल्या, "हो, ते मी नाही म्हटलं होतं. ती माझी चूक, मान्य. पण कुजलेला ढीग वेगळा, ग्रॅहम. बुरशी लागली असेल तर?"

तेव्हा ग्रॅहमचाही चेहरा उतरला. ओल्या केराची बुरशी श्वासात गेली की कीवीची छाती धरते, आणि मग पक्षी वाचेलच असं नाही. हे सुलक्षणाला कुणी सांगितलेलं नव्हतं. तिला नोकरीचं भय होतं, ते तिथल्या तिथे विझलं आणि त्याच्या जागी दुसरंच बसलं. ती म्हणाली, "मी आत्ता काढते. रात्र असली तरी काढते." आणि खरंच आत गेली, ढीग पाटीत भरला, दोन्ही दारं ओलांडून भर दुपारी बाहेर नेऊन टाकला. लक्ष्मी जायची असेल तर जाऊ दे, पण हा जीव जायला नको.

दुसऱ्या दिवशी जनावरांचा डॉक्टर आला. आरोहाला टॉवेलात गुंडाळून छातीला नळी लावली. सुलक्षणा दाराबाहेर पदर नसताना पदर शोधत उभी. श्रीनिवासचा दोनदा फोन आला, "काय म्हणतोय तो? श्वास मोजला का? मिनिटाला किती?" तिने सांगितलं, अहो, तो डॉक्टर आहे, त्याला मोजू दे. शेवटी ग्रॅहम बाहेर आला, हाताला ओरखडे, कारण उडता येत नसलं तरी आरोहाबाईंची लाथ काही कमी नाही. "ठणठणीत आहे," तो म्हणाला. "उलट अंगाने भरलीय."

सुलक्षणाने आधी श्रीनिवासला फोन लावून तेच सांगितलं.

मग क्लेअरबाईंनी तिला ऑफिसात बोलावलं. ठरलं असं की पुढच्या कोपऱ्यात यापुढे ताजी पानं टाकायची, रोज उपसायची, शिळी एकही राहू द्यायची नाही. "म्हणजे रोज झाडून बाहेर टाकणारं माणूस मला हवं. काल तू टाकलंस. रोज टाकशील?"

हो म्हटलं असतं तर काम झालं असतं. बिल्ला राहिला असता. सुलक्षणा म्हणाली, "काल जिवाचा प्रश्न होता. रोज केलं तर मी मन मारून करणार. मन मारून केलेलं काम नीट होत नाही, आणि ते नीट झालं नाही तर त्या पक्ष्याला बाधेल. मला उजेडातलं काम द्या. नसेल तर दुसरं माणूस बघा." एवढं बोलून तिने बिल्ला काढायला हात वर नेला.

"राहू दे तो," क्लेअरबाई म्हणाल्या. त्यांनी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघितलं. "आरोहाची सकाळ साडेपाचला होते. त्या वेळेला आमच्याकडे कुणी यायला तयार नसतं, जेवायची वेळ पडते. साडेचार ते साडेसात, कायम. जमेल?"

साडेचारला पोचायचं म्हणजे चारचा चहा आणि खमंग गेलं. साडेसातला सुटायचं म्हणजे सातचं गरम जेवणही गेलं. लग्न झाल्यापासून संध्याकाळी त्या वेळेला ती स्वयंपाकघरात नाही असं कधी घडलं नव्हतं. नवऱ्याला विचारून सांगते, असं म्हणायची तिला सवय होती. तिने विचारलं नाही. म्हणाली, "जमेल."

घरी जाऊन सांगितलं तेव्हा श्रीनिवासने टीव्हीचा आवाज कमी केला. "कायम केलं?"

"कायम."

"मग माझं जेवण?"

"भाजी चिरून ठेवत जाईन. फोडणी तुम्ही द्या. माणसाला भूल देण्यापेक्षा सोपं आहे."

"माणूस उडून अंगावर येत नाही, मोहरी येते."

"झाकण ठेवा."

नव्या शिफ्टच्या पहिल्या दिवशी ती खोलीत उभी होती तेव्हा साडेपाच वाजले. निळा उजेड आधी राखाडी झाला, मग कोवळा पिवळा, भाकरीला पदर सुटावा तसा हळूहळू. आरोहाने तिची शेवटची फेरी पुरी केली, भांड्यातलं पाणी चोचीत घेऊन मान वर करून गिळलं, ओंडक्यात शिरली, वळली, चोच अंगाच्या केसांत खुपसली आणि गोळा होऊन पडली. सुलक्षणाने ब्रश घेतला. तेवढ्यात फोन थरथरला.

"अगं, मोहरी कुठल्या डब्यात?"

"तिखटाच्या शेजारी. आणि अहो, इथं आत्ताच उजाडतंय, माझी कामाची वेळ आहे. जरा हळू बोला, ती झोपलीय."

पलीकडून श्रीनिवास कुजबुजत म्हणाला, "बरं, बरं," आणि फोन ठेवला.

तिने अंगण झाडलं, कोपऱ्यातली शिळी पानं पाटीत भरली, पहिलं दार लावलं, दुसरं उघडलं, आणि थबकली. नोव्हेंबर महिना. बाहेर किर्र अंधार, बागेतले दिवे लागलेले, लांब रस्त्यावर गाड्यांचे दिवे. ढकलगाडी समोरच. आत झुंजूमुंजू झालेलं आणि बाहेर दिवेलागण उलटून गेलेली. पाटी हातात घेऊन सुलक्षणा उंबऱ्यावर उभी राहिली. पलीकडून ग्रॅहम सायकल घेऊन घरी निघाला होता, तोही थांबला. त्याला आता ती गोष्ट पाठ झाली होती.

"मग?" तो म्हणाला. "आता कुठली वेळ धरायची, डक?"

सुलक्षणाने मागे वळून बंद दाराकडे बघितलं, मग पाटीतल्या पानांकडे.

"केर ज्या घरचा, वेळ त्या घरची," ती म्हणाली, आणि पाटी ढकलगाडीत उपडी केली.